मार्जाररक्षण आणि हिंसेचा दोष

रस्त्यावरचे अनाथ मांजर वाचविले तर ते पुढे उंदीर, सरडे, पाखरे मारणारच. मग त्या हिंसेचा वाटा वाचविणाऱ्याकडे येतो की नाही? डहाणू-तलासरीकडील उपदेशी मंडळींना ही शंका पडणे स्वाभाविक आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी पारध्यांपासून ससा राखिला, ती लीळा सर्वांस ठाऊक आहे. परंतु ससा तृणाहारी. त्यावरून मांजराचा निर्णय कसा करावा, असा आक्षेप येतो. त्याचे समाधान असे की, शरणागताचा आहार तपासून मग अभय द्यावे, असा क्रम त्या लीळेत नाही. शिकार हा मांजराचा देहस्वभाव आहे. रक्षकाचा हेतू केवळ रक्षणाचा आहे. मात्र कणगीजवळचे उंदीर मारावेत म्हणूनच जो मांजर बाळगतो, त्यास हे समाधान लागू पडत नाही.

रक्षण कोठे पूर्ण होते, हा खरा बिकट भाग. डहाणूस जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. कासव बरे झाले की समुद्रात सोडतात, आणि तेथे रक्षण संपते. मांजरास असा समुद्र नाही. सहस्रावधी वर्षे ते माणसाच्या वस्तीलगत राहिले आहे. त्यास पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडले, तर जागा अनोळखी आणि तेथली मांजरे वैरी. लोक यास ‘सोडून आलो’ म्हणतात. शब्द किती सौम्य! भूकतहानेने पीडा होईल अशा रीतीने जनावर टाकणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरविले आहे.

म्हणून पिलू आठ आठवडे आईजवळ ठेवून मग घर पाहून द्यावे. जे रानटी झाले आहे, त्यास कोंडू नये. नसबंदी करून मूळ ठिकाणीच सोडावे. शस्त्रक्रियेची पीडा खरी आहे, परंतु मांजरी वर्षातून दोन-तीन वेळा पिले घालते आणि त्यांतील कित्येक उपासमारीने मरतात, ती पीडा त्याहून मोठी.

भिक्षुकास परिग्रह वर्ज्य, तेव्हा त्याने मांजर बाळगू नये. वासनिकाकडून व्यवस्था करवावी. पण वासनिकाचे घर शाकाहारी. दूधभातावर मांजराची प्रकृती टिकत नाही, त्यास मांसांश लागतोच. त्याकरिता आपण मासळी विकत आणावी, हे मला मान्य नाही. आणि त्यास उपाशी ठेवावे, हे तर मुळीच नाही. ज्या शेजाऱ्याच्या चुलीवर मासळी रोज शिजते, तेथे डोके-काटे टाकून देण्यासाठीच निघतात. पिलू त्याच्या ओसरीवर द्यावे, आणि औषधपाण्याचा खर्च आपण उचलावा.