धुराविना अग्नी

पंचवटीत रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका वृद्ध तीर्थोपाध्यायांच्या घरी, सागवानी पेटीत, तांबड्या खारव्यात बांधलेल्या लांबट वह्यांची चळत आहे. गावागणिक आणि आडनावागणिक लावलेल्या त्या वह्यांत, गोदातीरी पिंडदानास आलेल्या यजमानांनी आपले नाव, मूळ गाव आणि वाडवडिलांची नावे नोंदवून खाली सह्या केलेल्या आहेत. परंतु जुन्या पानांवरची मोडी आता घरातल्या तरुणांना लागत नाही आणि कागदाचे काठ बोट लावताच झडतात. म्हणून गुरुजींच्या चिरंजीवांनी दोन वर्षे खपून पानन् पान छायाचित्रित केले, ते सारे एका हार्ड डिस्कवर साठवले, आणि माझी नोकरी संगणकाच्या दप्तरातच संपलेली असल्यामुळे ती डिस्क एकदा तपासून द्यावी म्हणून मला बोलावणे आले. गुरुजींना ते फारसे रुचले नसावे. ते म्हणाले, "यंत्रावर इतका अविश्वासच ठेवायचा, तर मग त्याच्या हवाली केलेच कशाला? आम्ही देवाची परीक्षा पाहत नाही."

हा प्रश्न डिस्कपेक्षा जुना आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे. ज्ञान झाले, की ते खरे असल्याचा दाखला त्याच ज्ञानातून मिळतो, की तो बाहेरून आणावा लागतो? मीमांसक कुमारिलभट्ट आणि त्यांचे अनुयायी स्वतःप्रामाण्यवादी: ज्या साधनाने ज्ञान झाले त्यात दोष आढळेपर्यंत, अथवा त्या ज्ञानाला बाध आणणारे दुसरे ज्ञान उत्पन्न होईपर्यंत, ते प्रमाणच मानावे. नैयायिक परतःप्रामाण्यवादी: दुरून दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे जवळ जाऊन ओंजळ भरल्याने आणि तहान भागल्यानेच ठरते, या कसोटीला ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. गुरुजींचे बोलणे, त्यांच्या मनात नसेल तरी, मीमांसकाचे होते.

डिस्कची रीतही काहीशी तशीच आहे. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या चुंबकीय चकतीवर, केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतर राखून, वाचन-लेखन करणारे शीर्ष तरंगत असते. चकतीवरचा एखादा खण, म्हणजे सेक्टर, वाचता येईनासा झाला तर डिस्क त्याची 'प्रलंबित' अशी नोंद करते, पुढे त्यावर लिहिण्याची वेळ आल्यावर तो निकामी ठरला तर राखीव खणांतला एक त्याच्या जागी मुकरर करते, आणि या साऱ्याची मोजदाद स्वतःच्याच पोटातल्या बारनिशीत ठेवते. या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. मी ती बारनिशी उघडली तेव्हा बदललेले खण शून्य, प्रलंबित खण शून्य आणि वर निळ्या चौकटीत 'गुड' असा शेरा होता. गुरुजींना समाधान वाटले. मला वाटले नाही, कारण इथे साक्षीदार आणि पक्षकार एकच होता.

गोदाकाठच्या माणसाला चिन्हावरून अनुमान करणे नवे नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की काठावरचे दुकानदार माल हलवतात, छातीला लागले की पुढच्या गल्ल्यांतही धावपळ सुरू होते. 2016 च्या ऑगस्टातल्या पुरात गुरुजींनी वह्यांची पेटी माडीवर नेली ती त्याच हिशेबाने. पूर पायरीपायरीने चढतो म्हणून मारुतीची साक्ष उपयोगी पडते. डिस्कचे तसे नाही. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे 56 टक्के, अशा होत्या की ज्यांच्या नोंदीत चार प्रमुख दोषचिन्हांपैकी एकही उमटले नव्हते. उलट पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढल्या साठ दिवसांत निकामी होण्याचा संभव, चूक न दिसलेल्या डिस्कच्या मानाने 39 पट होता. न्यायशास्त्राचा विद्यार्थी यावर चकित होणार नाही. धूर दिसला तर अग्नी आहे. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात धुराविनाच अग्नी असतो, हा दृष्टान्त तेथे पहिल्याच पाठांत शिकवतात.

म्हणून मी डिस्कला तिचा प्रत्येक खण वाचायला लावणारी दीर्घ तपासणी सुरू केली. तिसऱ्या तासाला बारीक टकटक ऐकू आली, तपासणी मध्येच थांबली, वाचनदोषाचा शेरा उमटला, आणि मघाशी शून्य असलेले प्रलंबित खण आठ झाले. ते आठ खण त्या दुपारी बिघडले असे मानण्याचे कारण नाही. वाचण्याचा प्रसंगच न आल्यामुळे डिस्कला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. गुरुजी चष्मा पुसत बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "आता हे नव्या डिस्कवर घेतलेत, तर ती खरी कशावरून? आणि तिची तपासणी करणारे खरे कशावरून?"

हाच तो अनवस्थेचा, म्हणजे दाखल्याला पुन्हा दाखला मागत राहण्याचा, आक्षेप, आणि तो खोटा नाही. त्याला कुमारिलांचे उत्तर मला मनापासून पटते: तीन-चार ज्ञानांपलीकडे अपेक्षा करीत राहण्याचे कारण नाही. श्रद्धेची जागा तपासणीच्या आधी नसून, यथाशक्ति तपासणी केल्यानंतर आहे. आधीच बसवलेल्या श्रद्धेला मी आळस म्हणेन. देवाची परीक्षा पाहू नये हे मला मान्य आहे, परंतु डिस्क ही ठेव ठेवण्याची पेटी आहे, आणि परक्यांच्या पितरांची नावे सांभाळणाऱ्याला पेटीचे कुलूप ओढून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. याच नाशकाजवळ, त्रिरश्मी डोंगरातल्या दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजाने ठेवल्याचा लेख आहे, आणि हे सारे निगमसभेत ऐकवून फलकांच्या दप्तरी नोंदवले, असेही त्यात म्हटले आहे. ती फलके गेली. त्यांतला मजकूर आज वाचता येतो तो दगडावरच्या दुसऱ्या प्रतीमुळे.

आम्ही छायाचित्रे दोन नव्या डिस्कांवर घेतली, त्यांतली एक नदीपासून दूर गुरुजींच्या कन्येच्या घरी ठेवली, आणि तिच्यावरून एक जुने पान उघडून मूळ वहीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिले. गुरुजींनी ते मोडी मोठ्याने वाचले. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या ज्या उपाध्यायांनी आपल्या वह्या अशा उतरवून ठेवल्या असतील, त्यांना माझी विनंती आहे की पितृपक्षाची गर्दी सुरू होण्यापूर्वी त्यांनी एक सबंध दिवस अशा तपासणीस द्यावा, आणि मूळ वह्या कोणी कितीही सांगितले तरी रद्दीत काढू नयेत.