सेवेच्या गर्दीत

इ. स. ११४५ मध्ये तिसरे युजीन यांची पोपपदी निवड झाली, तेव्हा क्लेअरव्हो मठातील त्यांचे गुरू संत बर्नार्ड यांना आनंदाहून काळजीच अधिक वाटली. पुढे या शिष्यासाठी त्यांनी चिंतनाविषयी पाच भागांचा ग्रंथ लिहिला. पोपमहोदयांचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत फिर्यादी ऐकण्यात सरत असे. ते काम काही पाप नव्हते, सेवाच होती. बर्नार्ड यांना भय होते ते निराळेच. प्रार्थना सुटल्याचे आज दुःख होते; उद्या ते अंगवळणी पडते; परवा काही हरवले आहे याची जाणीवही उरत नाही. कठोर झालेल्या अंतःकरणाला आपले काठिण्य कळत नाही. तुम्ही सर्वांचे आहात, मग त्या सर्वांत स्वतःलाही गणा, अशी त्यांची विनवणी आहे.

उपदेश करणारा स्वतः निवांत होता असे मात्र नव्हे. दुसऱ्या धर्मयुद्धाच्या प्रचारार्थ बर्नार्ड गावोगाव हिंडले. ११४९ पर्यंत ती मोहीम धुळीस मिळाली. अंगावर मठाची वस्त्रे उरली, मठातले जीवन मात्र दुरावले, ही खंत त्यांनी एका पत्रात बोलून दाखविली आहे. ती खंत जिवंत होती म्हणूनच ते शिष्याला सावध करू शकले.

आणि ते फिर्यादी? आज दाखला, समितीची बैठक, नव्या घराचा आशीर्वाद अशा निमित्तांनी धर्मगुरूंच्या दारावर पडणारी थाप बहुधा आपलीच असते. ते पवित्र साक्रामेंतासमोर एकटेच गुडघे टेकून असले की, फादर मोकळे दिसतात, असे म्हणत आपण चर्चचे दार लोटतो.