शेजाऱ्याची भाषा

मातृभाषेवर प्रेम करणे हे पुण्य आहे, याविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु त्याच प्रेमापोटी शेजाऱ्याचे मन दुखावले, तर त्याला काय म्हणावे? सीमेवरच्या गावात हा प्रश्न रोज उंबरठ्यावर उभा असतो.

बेळगावजवळचे येळ्ळूर हे असेच एक गाव. बहुसंख्य मराठी, पण कानडी शेजार राखणारे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. बेळगाव म्हैसूरकडेच राहावे, ही त्याची शिफारस महाराष्ट्राने मानली नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक काढण्यात आला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला आणि गावावर लाठ्या चालल्या.

एका फलकासाठी एवढे का सोसावे, असे दुरून पाहणारा म्हणेल. परंतु ज्याची भाषा कचेरीत, शाळेत, जमिनीच्या उताऱ्यावर दिसत नाही, त्यालाच त्या चार अक्षरांचे मोल कळते. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे आपल्या राज्यघटनेचे ३५०-क कलम सांगते. तेव्हा सीमावासीयांची मागणी ही याचना नव्हे. तो न्यायाचा प्रश्न आहे.

मात्र न्याय मागणाऱ्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कानडी बोलणारी गावे आहेत. तेथे आपण बहुसंख्य आहोत. तेथील कानडी शाळेविषयी आपल्याला येळ्ळूरच्या मराठी शाळेइतकीच आस्था वाटते का? जे आपल्यासाठी हक्क म्हणून मागतो, ते शेजाऱ्याला उपकार म्हणून देऊ लागलो, तर आपले भाषाप्रेम कोठेतरी मूर्तिपूजेकडे झुकले, असे समजावे.

सीमांचे हे दुःख केवळ आपलेच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्य युरोपातील सेल्मेन्स या हंगेरियन भाषिक गावातूनच सीमारेषा गेली. अर्धे गाव चेकोस्लोव्हाकियात राहिले, अर्धे सोव्हिएत संघराज्यात गेले. समोर दिसणाऱ्या नातलगाला भेटणे दुरापास्त झाले. २००५ च्या नाताळाच्या तोंडावर तेथे पायी ओलांडण्याचे फाटक उघडले, तोवर एक पिढी मातीआड गेली होती.

पेंटेकॉस्टच्या दिवशी काय घडले, हे या संदर्भात पुन्हा आठवावे. पवित्र आत्म्याने सर्वांना एका भाषेत आणले नाही. दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्या प्रत्येकाला सुवार्ता आपापल्या भाषेत ऐकू आली. म्हणजे ऐक्यासाठी कोणाची भाषा पुसावी लागत नाही. बाबेलच्या बुरुजाची कथा एकमेकांचे न समजण्याची आहे. पेंटेकॉस्टची कथा समजून घेण्याची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या वेदीवर लोकभाषा आली, ती याच वाटेने.

येळ्ळूर दहिवलीपासून दूर आहे. येथे राज्याची सीमा नाही. तरीही कर्जत-खालापूरच्या प्रत्येक वाटेवर एक अदृश्य वेस लागते. गाव संपते, कातकरी वाडी सुरू होते. तिथल्या मुलाची बोली वेगळी आहे. आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारे ते मूल कधी शाळेत आलेच, तर पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते आणि त्याच्या तोंडचा शब्द वर्गात हशा पिकवतो. त्या क्षणी आपण बेळगावातले अल्पसंख्य मराठी नसतो. फलक काढणारे असतो.

‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देताना प्रभू येशूने मुद्दाम सीमेपलीकडचा, तिरस्कृत शोमरोनी निवडला. त्याने जखमीची भाषा विचारली नाही, गाव विचारले नाही.

सीमाप्रश्नाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. तो न्याय्य व्हावा, अशी प्रार्थना आपण जरूर करू. परंतु वाडीवरच्या मुलाला त्याच्या बोलीत ‘तुझे नाव काय?’ एवढे तरी विचारता यावे, यासाठी कोणत्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावयाची आहे?