कड्यातला बोल्ट आणि अनोळखी माणसाचा जीव

प्रस्तरारोहणासाठी किंवा रॅपलिंगसाठी (दोरावरून खाली उतरण्यासाठी) कड्यात कायमचा अँकर, म्हणजे दोर अडकवायचा बोल्ट, बसवताना दोन नैतिक प्रश्न उभे राहतात. कोट्यवधी वर्षांच्या कातळाला भोक पाडण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि पुढे त्या बोल्टवर जीव सोपवणाऱ्या अनोळखी माणसाशी बोल्ट बसवणाऱ्याचे नाते काय?

पहिल्या प्रश्नावर फार कडवट वाद दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातल्या सेरो तोरे शिखरावरून झाला. गिर्यारोहक चेझारे माएस्त्री यांनी 1970 मध्ये तिथे ड्रिलसाठी कॉम्प्रेसर नेऊन शेकडो बोल्ट ठोकले. 2012 मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रूक या गिर्यारोहकांनी त्यांतले शंभराहून अधिक उपटून काढले. काहींनी त्यांना शिखराचे उद्धारक म्हटले, तर काहींनी इतिहास पुसणारे. गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर तर बोल्टच्या आहारी गेलेल्या चढाईला अशक्याची हत्या मानत आले. जिथे खाचेत साधन अडकवून, दोर सुरक्षित करून चढता येते, तिथे बोल्ट ठोकणे म्हणजे पुढच्या माणसाची कसोटीच हिरावून घेणे, हा त्यांचा आक्षेप खरा आहे.

उतरण्याची गोष्ट वेगळी. सुळक्यावरून खाली येताना दोर कशाला तरी बांधावाच लागतो. कातळात काही सापडले नाही तर एखाद्या झुडपाच्या बुंध्याला पट्ट्या आवळल्या जातात आणि हंगामागून हंगाम तिथे चिंध्यांचा गुंता साठतो. अशा ठिकाणी दोन चांगले बोल्ट बसवणे हे कातळाच्याही हिताचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कारागिरीत मिळते. सह्याद्रीचा बसाल्ट लाव्हाच्या थरांचा आहे. टणक थराला लागूनच सच्छिद्र, ठिसूळ थर असतो. म्हणून आधी हातोडीने कातळ वाजवून पाहतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर जागा सोडायची. टणक दगडात प्रसरण पावणारा बोल्ट चालतो. मऊ दगडात रेझिनने चिकटवलेला बरा, कारण तो दगडावर ताण आणत नाही. मात्र भोकातली भुकटी ब्रशने घासून, फुंकून पूर्ण काढली नाही, तर रेझिन दगडाला न चिकटता भुकटीला चिकटते. युरोपीय मानकानुसार बोल्टने आडवा 25 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन, भार सोसायला हवा; पण तो आकडा चांगल्या दगडात नीट बसवलेल्या बोल्टचा असतो. धातूही जागा पाहून निवडावा लागतो: थायलंडच्या रेले किनाऱ्यावरील चुनखडीत स्टेनलेस स्टीलचे बोल्टही आतून तडकले, तेव्हा तिथे टायटॅनियम वापरावे लागले. रॅपलिंगच्या जागी दोन स्वतंत्र बोल्ट हवेत, परस्परांपासून आणि कड्याच्या धारेपासून पुरेसे दूर. दोर अडकवायची प्लेट व बोल्ट एकाच धातूचे असावेत, नाहीतर पावसाळ्यात गंज लवकर धरतो.

यातले बहुतेक काम उतरणाऱ्याला कधीच दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त चकचकीत प्लेट. भोकाची खोली आणि स्वच्छता बसवणाऱ्यालाच ठाऊक. टिळकांनी ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहासाठी करायच्या निष्काम कर्माचा पुरस्कार केला. कड्यावरचे हे काम त्या कसोटीला पुरेपूर उतरते. जीव वाचलेल्या माणसाला बसवणाऱ्याचे नावही माहीत नसते. पण फळाची आशा सोडायची म्हणजे परिणामाची फिकीर सोडायची, असा अर्थ काढणे घातक आहे. इथे कर्म नीट झाले नाही, तर त्याचे फळ दुसरा कोणी भोगतो.

म्हणून कायमच्या अँकरची जबाबदारी बसवण्याच्या दिवशी संपत नाही. ज्यांना पुन्हा येऊन तपासता येणार नाही किंवा तपासणीची व्यवस्था मागे ठेवता येणार नाही, त्यांनी तो ठोकू नये. जुना बोल्ट बदलताना शक्य असेल तर जुनेच भोक वापरावे. आणि कड्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने भार टाकण्यापूर्वी बोल्ट हलवून पाहावा, गंज, तडे, सैल नट तपासावेत आणि काही खटकले तर त्या भागातल्या गिर्यारोहण संस्थेला कळवावे.