कुणी केलं?

रुडॉल्फ फिशर हा व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरकी करता करता त्याने १९३२ साली ‘द कॉन्ज्युअर-मॅन डाइज’ ही रहस्यकादंबरी प्रसिद्ध केली आणि दोनच वर्षांनी, वयाच्या ३७व्या वर्षी, तो वारला. कादंबरीत न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतलं एक घर. खाली अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्याचं दुकान, वर फ्रिंबो या मांत्रिकाची खोली. खोलीत काळोख, उजेड फक्त गाऱ्हाणं घेऊन आलेल्याच्या तोंडावर. तिथेच खून होतो आणि पेरी डार्ट हा कृष्णवर्णीय गुप्तहेर, शेजारच्या डॉ. आर्चरना हाताशी धरून, तपासाला लागतो.

मीही जन्मभर एक्स-रेच वाचले. छातीचा फोटो काढण्याआधी गळ्यातला ताईत उतरवायला सांगावा लागतो, कारण धातूची पांढरी सावली नेमकी फुप्फुसावर पडते. कितीतरी आयांनी तो ताईत मुठीत घट्ट धरून मला विचारलं आहे, ‘डॉक्टर, कुणी काही केलं तर नसेल ना?’ फिशरची कादंबरी मला जवळची वाटते ती या प्रश्नामुळे.

फ्रिंबोकडे येणाऱ्या माणसांची श्रद्धा मूळची अमेरिकेच्या दक्षिणेतली. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आलेल्या समजुती, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची झाडपाला-मुळ्यांची माहिती आणि बायबलमधली स्तोत्रं यांच्या मिश्रणातून ‘हूडू’ घडलं. लाल फ्लॅनेलच्या पुरचुंडीत बांधलेली मुळी, स्मशानातली माती, वैऱ्याच्या पावलाखालची धूळ ही त्याची साधनं. पुढे लाखो माणसं पोटासाठी उत्तरेकडे गेली, तेव्हा पुरचुंडीही त्यांच्याबरोबर गेली.

वरवर पाहता गुप्तहेर आणि मांत्रिक एकमेकांचे शत्रू. पण दोघांचा पाया एकच आहे. उगाच काही घडत नाही आणि घडलेल्यामागे कुणाचा तरी हात असतो, असं दोघेही मानतात. माझं शास्त्र यातलं अर्धंच मानतं. फुप्फुसावरच्या डागाला कारण असतं, कर्ता असतोच असं नाही. मात्र त्या आईला ‘क्षयाचे जंतू’ हे उत्तर पुरत नाही. जंतू तिला कळतात. माझ्याच लेकराला का, हे तिला कळत नाही. तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो धर्माचा सर्वांत जुना प्रश्न आहे.

आणि कधी कधी कर्ता खरोखरच असतो. गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसने आत्मचरित्रात लिहिलं आहे की, १८३४ साली गुलामांना वठणीवर आणणाऱ्या कोव्ही नावाच्या शेतकऱ्याने त्याला बेदम मारलं, तेव्हा सँडी जेंकिन्स या दुसऱ्या गुलामाने एक मुळी उजव्या अंगाला बाळगायला दिली. डग्लसचा तिच्यावर फारसा विश्वास नव्हता, तरी त्याने ती घेतली. थोड्याच दिवसांत तो कोव्हीशी झुंजला आणि पुन्हा त्याच्या हातचा मार त्याने कधी खाल्ला नाही. इथे ‘कुणी केलं?’ याचं उत्तर उघड होतं. पण दक्षिणेतल्या न्यायालयांत गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्षच चालत नसे. दाद मागायला जागा नव्हती, म्हणून माणसं मुळीकडे गेली. त्यांना हसण्याचा अधिकार कुणालाही नाही.

भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. कादंबरीत डोटी हिक्स नावाच्या माणसाला खात्रीच असते की, आपला भाऊ झिजतो आहे तो फ्रिंबोच्या मंत्रामुळे. पुरावा काही नाही, नाव मात्र ठरलेलं. आपल्याकडेही असंच नाव ठरतं आणि ते बहुधा एखाद्या एकट्या, निराधार बाईचं असतं. एखाद्यावर करणीचा आळ घेणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला, ते यासाठीच. ज्यांनी वर्षानुवर्षं या कायद्यासाठी झगडा केला, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला.

फिशरने मांत्रिकाला भोंदू म्हणून निकालात काढलं नाही. त्याचा फ्रिंबो हार्वर्डमध्ये शिकलेला आहे. कार्यकारणाच्या साखळीबद्दल तो आर्चरशी बरोबरीने वाद घालतो आणि त्या साखळीबाहेर जाऊन आपण माणसाचं भवितव्य बदलू शकतो, असा दावा करतो. तो दावा मी मानत नाही. पण समोरच्या माणसाची भीती तो पुरती ऐकून घेतो, आणि ते ऐकणं आम्हा डॉक्टरांचंही काम आहे. आर्चर दुसरं काम करतात. ते रक्त तपासतात, आणि ते तपासल्याशिवाय कुणावर बोट ठेवत नाहीत.

मला दोन्ही हवं आहे. कर्ता नसेल तिथे ‘कुणीही केलेलं नाही’ हे त्या आईजवळ बसून, तिला पटेपर्यंत सांगायला हवं. ते एकदा सांगून भागत नाही. आणि कर्ता असेल तिथे नशिबाचं नाव पुढे करून त्याला सोडता कामा नये. दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली ती २०२४ मध्ये. इतकी वर्षं तो प्रश्न धरून ठेवणाऱ्यांनी ना कुणाला शाप दिला ना कुणावर मूठ मारली. ते तारखेमागून तारखेला न्यायालयात जात राहिले. ‘कुणी केलं?’ या प्रश्नाचा मान राखायचा तो असा.