नायिका कोणास म्हणावें?

जपानी चित्रकथांत, ज्यांस तिकडे ‘मांगा’ म्हणतात, ‘नारुतो’ ही अत्यंत लोकप्रिय कथा होय. मासाशी किशिमोतो यांनीं ती १९९९ पासून २०१४ पर्यंत एका साप्ताहिकांतून ७०० प्रकरणांत सांगितली. तिच्यांतील प्रमुख त्रयींत साकुरा ही एकच मुलगी आहे. आणि ती खरोखर नायिका आहे काय, हा वाद वाचकांत अजून मिटलेला नाहीं. वाद वरवर पोरकट वाटला, तरी त्याच्या पोटांत एक नीतीचा प्रश्न आहे.

नायकाची प्रियतमा ती नायिका, ही व्याख्या आपणांस परकी नाहीं. नाट्यशास्त्रानें सांगितलेल्या अष्टनायिका प्रियकराशीं असलेल्या संबंधावरूनच ओळखावयाच्या. ही कसोटी लावली तर साकुरा नायिका नव्हे. कारण नारुतोचें लग्न अखेर हिनाताशीं होतें, व साकुरा सासुकेची पत्नी होते. पराक्रमाची कसोटी लावावी, तर तिची बाजू दुबळी नाहीं. सासुकेला लांब केस आवडतात असें ऐकून तिनें केस वाढविलेले असतात; पण बेशुद्ध सोबत्यांच्या रक्षणार्थ, शत्रूच्या मुठींतून सुटण्याकरितां, तेच केस ती स्वतः कापून टाकिते. पुढें ती निष्णात वैद्य होते, आणि मरणोन्मुख नारुतोचें हृदय स्वहस्तें चालतें ठेविते.

मग उणें कोठें? आमच्या मतें नायिका ती, जिच्या निर्णयावाचून कथेचें पाऊल पुढें पडत नाहीं. हायाओ मियाझाकी यांच्या ‘नाउशिका’ (१९८२–१९९४) या चित्रकथेंत मानवजातीच्या भवितव्याचा शेवटचा निर्णय नाउशिकेलाच करावा लागतो, आणि त्याचा भारही तीच वाहते. साकुरेचें तसें नाहीं. नारुतो व सासुके यांच्या अंतिम झुंजीपूर्वीं ती विनवणी करिते. सासुके तिला मायाजालानें बेशुद्ध करितो. आणि सर्व कांहीं ठरून गेल्यावर ती येते, ती दोघांच्या जखमा भरून काढावयास.

येथेंच न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो. पुष्कळ वाचक साकुरेला निरुपयोगी म्हणून हिणवितात. परंतु जिला मसलतींत घेतलेंच नाहीं, तिनें निर्णय केला नाहीं हा दोष तिच्या माथीं कसा मारावा? आम्हीही तिला नायिका म्हणणार नाहीं. मात्र आमचा हा निकाल तिच्याविरुद्ध नसून कथेविरुद्ध आहे. जखमा बांधावयास हवी, पण मसलतीस नको, अशी स्त्री केवळ जपानी चित्रकथेंतच आढळते, असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं.