खोड

आमच्याकडे मुरुडला लोखंड पाहुणं म्हणून येतं. खिडकीचे गज, विहिरीवरचा रहाट, पंपाची पेटी, शाळेची घंटा, सगळं समुद्र हळूहळू मागून घेतो. नैऋत्येचा वारा लागला की ओटीवरच्या आरशावरसुद्धा मिठाचा पापुद्रा धरतो. अशा गावात आम्ही एक गाडी अठरा वर्षं सांभाळली. पुष्कळ दिवस मला याचं कौतुक वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. ते का, ते सांगतो.

गाडी 2004 सालची. सुपारीचे दोन हंगाम बरे गेले होते, त्याच्या भरवशावर अण्णांनी बँकेचं कर्ज काढलं आणि उंच, डिझेलची, मागच्या चाकांवर चालणारी, आठ माणसं बसतील अशी गाडी दारात आणली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढं जे झालं त्यात गाडीचा काही दोष नव्हता. बहिणीचं वऱ्हाड तिच्यातून गेलं. सुपारीची पोती, कौलं, एकदा तर गाभण शेळी गेली. अण्णांना अलिबागच्या दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेही तिच्यातूनच. साळावच्या पुलावर त्यांनी काच खाली करायला सांगितली होती.

अठरा वर्षांत तिचं काय काय बदललं याचा हिशेब एकदा मांडला. क्लच, रेडिएटर, स्टार्टर, पाटे, दोन दरवाजे, टायर तर कितीदा. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनं हेच विचारलं होतं: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? आमच्या राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला कुड्याची बौद्ध लेणी आहेत. मुलांची सहल घेऊन तिथं गेलो की मी ही गोष्ट सांगत असे आणि मुलं खाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे बोट दाखवून हसत. एक सुटा भाग म्हणजे गाडी नव्हे, हे मुलांना चटकन पटे. पण एक सुटा भाग गेला की गाडी उरत नाही, ही दुसरी बाजू मी त्यांना कधी शिकवली नाही.

2021 च्या दिवाळीत पनवेलहून धाकटा भाऊ आला. त्याच्या मुलानं गाडी काशीदच्या वाळूत घातली. पर्यटक घालतात तशीच. लाट आली, पुढची चाकं तुंब्यापर्यंत पाण्यात. लोकांनी ढकलून काढली, पोरानं घरी येऊन वरून नळाचं पाणी मारलं, झालं. दोन महिन्यांनी पुढून घूं घूं आवाज यायला लागला. वेग वाढवला की वाढायचा, सोडला की उतरायचा. मला आधी वाटलं टायर खाल्लाय.

आमचे मिस्त्री म्हणजे चाचा. अख्ख्या गावाचे चाचा. ते शेजारी बसले आणि म्हणाले, "मास्तर, उजवीकडं घ्या जरा." आवाज वाढला. "आता डावीकडं." कमी झाला. "डावं चाक. उजवीकडं वळता तेव्हा भार डाव्यावर येतो, म्हणून तो बोलतो." चाक काढलं, हब उघडला. आत ग्रीस कसलं, दूध जास्त झालेला चहा. पाणी आत गेलं की ग्रीसचं असंच होतं. मग लोखंडावर लोखंड फिरतं, रोलरवर देवीच्या वणासारखे खड्डे पडतात, आणि एक दिवस चाक गरम होऊन जाम होतं.

चाचा मग गाडीखाली गेले. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट त्यांनी दोन्ही हातांनी पिळून पाहिला. बारीकसा खटका आला. शाफ्टच्या टोकाला क्रॉस असतो, अधिकच्या चिन्हासारखा. त्याच्या चारी टोकांना वाट्या आणि वाट्यांत सुयांसारखे रोलर. रस्ता खालीवर झाला तरी फिरणं तुटू नये म्हणून ही योजना. "पुढच्या क्रॉसला प्ले आलाय," चाचा खालूनच म्हणाले. "सहा महिने काढेल. पण काढेलच असं माझ्या नावावर लिहू नका."

हे वाक्य मी नीट ऐकलं. पुढच्या सगळ्या गोष्टीत मला एकही पळवाट नाही, ती यामुळं.

बैलगाडी असताना हे किती सोपं होतं, असं म्हणायचा मोह होतो. तसं नव्हतं. आस तेव्हाही झिजायची. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं आणि ते रिकामं असलं की चाक गावभर ओरडायचं. फरक एवढाच की ओरडणं सगळ्यांना ऐकू जायचं. फिरत्या आसाला गोळ्यांवर तोलायची युक्ती वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या माणसानं 1794 मध्ये पेटंट करून घेतली, तीही घोडागाडीसाठीच. तेव्हापासून झीज बंद डब्यात गेली. बाहेरच्याला आता ती दिसत नाही. ज्यानं डबा उघडला त्यालाच ठाऊक.

गाडी विकायची ठरली ती पैशामुळं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं आमच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक सुपाऱ्या आडव्या केल्या. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात; तोवर वाडी म्हणजे नुसता खर्च. त्यात मुलीची फी. माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. अलिबागच्या एका दलालानं गाडी पाहिली आणि सल्ला दिला, "हबात जाड ग्रीस ठासून भरा, महिनाभर आवाज येणार नाही. तेवढ्यात विकून टाका." मला त्याचा संताप आला. असा संताप आला की आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटायला लागतं.

घ्यायला आला तो माझाच विद्यार्थी. केळघर घाटाकडच्या एका वाडीतला. गणितात बरा, शुद्धलेखनात यथातथा. त्याला वाडीवरनं माणसं आणि मालाची ने-आण करायची होती. मी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे, सगळं सांगतोय असं मला वाटत होतं. एसी चालत नाही, मागचा दरवाजा बाहेरूनच उघडतो, डावी काच हातानं धरावी लागते, हॉर्न पावसात मुका होतो. अशा दहा गोष्टी, आणि अकरावी, बेअरिंग. चाक उचलून, फिरवून, आवाज ऐकवून सांगितलं. खर्च किती येईल तेही सांगितलं. त्यापायी किमतीत पंधरा हजार कमी केले आणि 1,15,000 ला व्यवहार झाला.

शाफ्टचं सांगितलं नाही.

विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. जिभेवर होतं. मनात आलं, आणखी दहा हजार उतरतील. शिवाय चाचा सहा महिने म्हणालेत. शिवाय जुनी गाडी आहे, तो विचारील तर सांगू. त्यानं विचारलं नाही. माझ्या पाया पडला आणि गाडी घेऊन गेला.

आमच्या घरात या बाबतीत एक जुनी गोष्ट आहे. 1978 च्या सुमारास अण्णांनी एक बैल बाजारात नेला होता. मी बरोबर होतो, तेरा वर्षांचा. देखणा बैल, पण एक खोड: गाडी ओढ्यात घातली की हा पाण्यात बसायचा. माल भिजो, माणूस ओरडो, उठायचा नाही. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला, चांगला ठरला. आणि अण्णांनी रुमाल काढला आणि मोठ्यानं म्हणाले, "एक ऐका. हा पाण्यात बसतो." गिऱ्हाईक हसलं, भाव निम्म्यावर आला. त्या वर्षी आईनं पाटल्या मोडल्या. अण्णांच्या खरेपणाची गोष्ट पुढं गावभर झाली. पाटल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. मी लहानपणीच ठरवलं होतं की आपला खरेपणा बायकोच्या हातातून काढून द्यायचा नाही. तेव्हा मला तो मोठा विचार वाटला होता, आणि अजूनही तो अगदीच फोल आहे असं मी म्हणणार नाही.

पावसाळा उतरताना, चार महिन्यांनी, तो पोरगा दारात आला. भांडायला नाही. ओटीच्या खालीच उभा राहिला. केळघर घाट उतरताना पुढचा क्रॉस तुटला, शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यावर आपटायला लागलं. चढावर तुटला असता तर गाडी नुसती थांबली असती. उतारावर शाफ्ट गेला की इंजिनची ओढही जाते, गाडी मोकळी सुटते, सगळा भार ब्रेकवर. गाडीत त्याची वहिनी, दोन पोरं आणि मासळीच्या टोपल्या. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. कोणाला काही झालं नाही. एका पोराच्या कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्हाला ठाव होतं का?"

मी "हो" म्हटलं. आधी "चाचा म्हणाले होते की" असं सुरू केलं होतं, पण ते वाक्य पुढं गेलं नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बेअरिंगचं तुम्ही आपणहून सांगितलंत ना. म्हणून बाकीचं मी इचारलंच नाही."

यावर मी बरेच दिवस विचार करतोय. माझे मेव्हणे वकील आहेत. त्यांनी 1872 च्या करार कायद्याचं सतरावं कलम काढून दाखवलं. त्यात एक घोड्याचं उदाहरण आहे. एकानं लिलावात घोडा विकला, तो धडधाकट नाही हे त्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही. हा कपट नव्हे. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. मेव्हणे म्हणाले, "बघा, सुटलात." पण त्याच कलमाखाली उदाहरणं आणखी आहेत. घेणारी विकणाऱ्याची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळंच सांगणं त्याच्यावर येतं. आणि घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी धरीन, तर मग विकणाऱ्याचं गप्प राहणं हेच बोलणं. मेव्हणे म्हणाले, विद्यार्थी म्हणजे मुलगी नव्हे. कोर्टात नसेल. ज्याला मी पाढे पाठ करायला लावले त्याच्यासमोर मला ते म्हणता येत नाही.

रोमच्या सिसरोनंही इसवी सनापूर्वी 44 मध्ये मुलासाठी लिहिलेल्या ग्रंथात असाच वाद मांडला आहे: रोगट घर विकणाऱ्यानं दोष सांगावा की नाही. एक तत्त्वज्ञ म्हणतो, ज्यानं घे असा आग्रहसुद्धा केला नाही, त्यानं जबरदस्ती केली का? दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखंच हे. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे विकणारा तोंड मिटून बसलेला आहे. मी तर भरपूर बोललो होतो. अकरा गोष्टी सांगून बारावी झाकली होती. दलालाचं जाड ग्रीस मी हबात भरलं नाही, माझ्या खरेपणाचंच भरलं. पूर्ण खोटा माणूस असतो तर त्या पोरानं चाचांना आणून गाडीखाली घातलं असतं, आणि ते टेंगूळ आलं नसतं.

भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, जुनी गाडी आहे, तिच्या किती खोडी सांगत बसणार?" प्रश्न खोटा नाही. झीज सगळ्याच भागांत असते, सगळी सांगायची तर विक्रीच होणार नाही. पण मी निवडलं कसं, ते मला माहीत आहे. जे ऐकू येत होतं ते सांगितलं. घूं घूं आवाज त्याला पहिल्याच वळणावर कळला असता. जे फक्त मला आणि चाचांना माहीत होतं ते ठेवून घेतलं. हिनं हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पाटल्या मागितल्या असत्यात तर मी नाही म्हटलं असतं का?" मी तिला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून चाचांकडे आणली. चाचांनी तुटका क्रॉस हातात घेऊन वाटी ठोकून काढली. आत सुया नव्हत्याच. तांबडी पूड होती, पिंजरीसारखी. चाचांनी ती तळहातावर घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फुंकून टाकली. शाफ्टचं टोकही वाकलं होतं. दोन्ही क्रॉस, शाफ्ट, मधलं बेअरिंग, सामानाचे पैसे मी देतो म्हटलं. पोरगा तयार होईना. शेवटी म्हणाला, "सामान तुमचं, मजुरी माझी." मी म्हटलं मजुरी पण घे. तो म्हणाला, "नको गुरुजी. मी पण खाली वाकून बघायला पायजे होतं."

ते वाक्य त्यानं माझं ओझं हलकं करायला म्हटलं की पुढच्या वेळी तो माझ्या शब्दावर विसंबणार नाही म्हणून, ते मला कळलं नाही. विचारलं नाही.

गाडी अजून चालते. आठवड्यातून दोनदा तरी ती एसटी स्टँडाकडून जाते. मी दिसलो तर तो हात वर करतो, पण थांबत नाही. पूर्वी थांबायचा.